ताप उतरला, पण...



गेले दोन महिने जो भेटतो तो एकच प्रश्न विचारतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, दुकानात, परवा तर लग्नाच्या पंगतीतही. "सर, झाली का मॅरेथॉन?" नाही झाली. 18 जानेवारी 2026 ला मुंबई मॅरेथॉन झाली, हजारो लोक धावले, आणि मी अंबडमध्ये घरी होतो. का ते सांगतो. पण हा लेख फक्त धावण्याचा नाही. मधे एक मुलगी येईल आणि तिची अपूर्ण वही येईल. खरं तर लिहायला बसलो ते त्या वहीसाठीच.

सुरुवात साधी होती. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मुलं संपल्यावर गंमतीत माझाही रक्तदाब मोजला आणि मग गंमत बंद केली. तेव्हापासून सकाळी फिरायला लागलो. फिरण्याचं पळणं झालं. मत्स्योदरी देवीच्या टेकडीपर्यंत, मग टेकडीच्या पायऱ्या, मग जालना रोडने पुढे पुढे. ऊस सुरू झाला की त्या रस्त्यावर पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, म्हणून डोक्याला बॅटरी बांधून उजव्या कडेने पळायचं, म्हणजे समोरून येणारा दिसतो. जूनमध्ये ठरवलं, पूर्ण मॅरेथॉन करायची. 42.195 किलोमीटर.

हा आकडा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहिला. आमच्या मैदानाची एक फेरी मुलांनी टेपने मोजली, 160 मीटर भरली. मग 42,195 भागिले 160. मोठा भागाकार, पण कुणी कंटाळलं नाही. उत्तर आलं 263 फेऱ्या आणि वर थोडं. एकाने विचारलं, "सर, मधे खिचडी खायला थांबणार का?" वर्ग हसला. ते 195 मीटर कुठून आले, हेही मुलांनी विचारलं. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनासमोर संपली, त्या वाटेचं हे अंतर. पुढे 1921 ला तेच कायमचं ठरलं. मुलांना हे फार आवडलं, की एवढ्या मोठ्या स्पर्धेचं माप राजाच्या खुर्चीवरून पडलं!

ऑगस्टअखेर मी रविवारी 22 किलोमीटर पळत होतो. आणि सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला.

तो पाऊस आठवत असेल तुम्हाला. मराठवाड्यात शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली, गावात जिकडे तिकडे डबकी. आपले जुने लोक याला हाडमोड्या ताप म्हणतात ते का, हे मला पहिल्याच रात्री कळलं. डोळे हलवले तरी डोळ्यांच्या मागे दुखायचं. चौथ्या दिवशी ताप उतरला, मी उठून बसलो आणि घरच्यांना म्हणालो, सोमवारी शाळेत जातो. डॉक्टरांनी मात्र उलटं केलं, त्याच दिवशी भरती करून घेतलं. प्लेटलेट 41 हजारांवर आल्या होत्या. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. त्यांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला असं नसतं, उलट ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. त्या वेळी पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल एकदम गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि मनाने अंगदुखीच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो.

नवरात्रात टेकडीवर यात्रा भरली होती, स्पीकरचा आवाज घरापर्यंत यायचा आणि मी दहा पायऱ्या चढून गच्चीवर जाताना दोनदा थांबायचो.

आता माझी चूक सांगतो. 2 ऑक्टोबरला मी पुन्हा बूट बांधले. रोज उठल्याबरोबर अंथरुणातच नाडी मोजायची सवय मला होती. आजाराआधी ती मिनिटाला 62 असायची, तेव्हा 84 होती. शरीर अजून सावरत होतं आणि सांगतही होतं. पण माझ्या डोक्यात 18 जानेवारी होता. भिंतीवर आठवड्यांचा तक्ता चिकटवलेला, त्यातले चार आठवडे कोरे गेलेले. ते कोरे चौकोन मला बघवत नव्हते. म्हणून मी काय केलं, तर राहिलेलं सगळं "भरून काढायला" लागलो. दिवाळीच्या सुट्टीत तर एका आठवड्यात दोन आठवड्यांचं अंतर. दम परत येत होता, नाडीही खाली आली, मला वाटलं जमलं. 9 नोव्हेंबरला 21 किलोमीटर झाले. घरी येऊन बूट काढताना डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला कळ आली.

आठ दिवस पट्टी, बर्फ, मलम. आणि पळणं चालूच. मग जालन्याला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "कुठं दुखतं ते एका बोटाने दाखवता येतं का?" येत होतं. मग म्हणाले, त्या एका पायावर उडी मारा. मारता आली नाही. नडगीभर पसरलेलं दुखणं वेगळं आणि बोट ठेवता येईल असं एकाच जागी दुखणं वेगळं, ते हाडाचं असण्याची शंका घ्यावी लागते. एक्स-रे स्वच्छ होता. अशा सूक्ष्म इजा सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेत दिसत नाहीत, एमआरआयमध्ये दिसली. हाडाला ताणामुळे झालेली इजा. अजून तडा नव्हता, पण आणखी पळालो असतो तर गेलाच असता.

मी म्हणालो, "पण सर, मला दम अजिबात लागत नव्हता." त्यांनी कागदावर काढून दाखवलं. दम लवकर परत येतो, काही आठवड्यांत. हाडाचं तसं नाही. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. पोखरायला काही आठवडे लागतात आणि भरायला काही महिने. मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा कच्चं असतं. दम आला म्हणून माणूस जोरात पळतो आणि नेमका त्या कच्च्या काळात सापडतो. त्यात मी महिनाभर आजारी, जेवण नीट नाही, अंगात ताकद नाही.

"मुंबई विसरा," एवढं बोलून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. भरलेले पैसे गेले, रेल्वेचं तिकीट रद्द केलं. सहा आठवडे पळणं बंद. वर्गातही खुर्चीवर बसून शिकवायचं.

खुर्चीवर बसलं की वर्ग वेगळा दिसतो. मुलांच्या पाठी नाही, वह्या दिसतात. तिथे मला ती मुलगी आठवली.

नाव मुद्दाम लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीला होती. टायफॉईड झाला, 19 दिवस शाळेत नव्हती. परत आली तेव्हा शर्ट खांद्यावरून घसरत होता. मी तिचं स्वागत केलं, वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि लगेच हातात यादी दिली. मराठीचे तीन स्वाध्याय, गणिताची 11 पानं, परिसर अभ्यासाची प्रश्नोत्तरं. "मैत्रिणीची वही घे आणि पूर्ण कर." पुढच्या आठवड्यात वहीतपासणी होती, माझ्या डोक्यात ती होती. मधल्या सुट्टीत इतर मुलं खेळायची, ही व्हरांड्यात बसून उतरवून काढायची. मी फळ्यावर भागाकार शिकवत असतानाही ती मागची पानं उतरवत होती. म्हणजे मागचं फक्त हाताने लिहिलं आणि पुढचं ऐकलंच नाही. दोन्ही गेलं.

एक दिवस तिची आई आली. कापूस वेचायला जाता जाता आली होती, चप्पल बाहेर काढून दारातच उभी राहिली. "सर, ताप गेला तिचा, पण अजून बसवत नाही. रात्री लिहिता लिहिता झोपती. तिची वही मी लिहून देऊ का?" मी हसलो हो. वर म्हणालो, "ताई, तुम्ही लिहून तिला काय येणार?" त्या बाईचा प्रश्न किती बरोबर होता हे मला तेव्हा कळलं नाही. उतरवूनच काढायचं होतं, तर कुणी का उतरवेना! चाचणीत तिला भागाकाराचं एकही उदाहरण आलं नाही. मी प्रगतिपत्रकावर लिहिलं, "सराव आवश्यक." पुढे ती आठवड्यातून दोन दिवस पोट दुखतंय म्हणून घरी राहू लागली.

वही मात्र पूर्ण होती. तपासणीत तिला लाल शाईने "छान" मिळालं, मला सही मिळाली.

भिंतीवरचे ते चार कोरे चौकोन आणि तिची ती 11 पानं, मला सांगा, फरक काय? मी तर मोठा माणूस, आणि मला ते तीन महिन्यांत पायावर भोगावं लागलं. तिच्यावर मी ते लादलं होतं.

आमच्या भागात हा प्रश्न फक्त आजारी मुलांचा नाही. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेली मुलं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, त्यांच्याही हातात आपण हीच यादी ठेवतो. करोनानंतर सेतू अभ्यासक्रम आला तेव्हा सरकारनेही मान्य केलं होतं की आधी मागचा पूल बांधावा लागतो. पण सगळ्यांसाठी एकदम आला म्हणून तो पूल झाला. एकट्या मुलासाठी मात्र आपल्याकडे "पूर्ण कर" एवढंच असतं.

डिसेंबरपासून मी वर्गात बदल केला. मोठं काही नाही. आजारातून आलेलं मूल पहिले दोन-तीन दिवस फक्त ऐकतं, लिहायची सक्ती नाही. मग मी त्याला तोंडी चार-पाच प्रश्न विचारतो, आणि पुढच्या पाठासाठी जे लागणारच आहे तेवढंच शिकवतो. भागाकार यायचा असेल तर पाढे आणि हातच्याची वजाबाकी हवी, त्या काळात राहून गेलेली घड्याळाची पानं नंतर बघू. उरलेल्या पानांवर मी स्वतः लिहितो, "आजारपणामुळे वगळले", तारीख आणि सही. हे माझं मला सुचलं नाही, धावण्यातून आलं. दुखापतीनंतर आधी अर्धा तास न दुखता चालता आलं पाहिजे, मग एक मिनिट पळा, चार मिनिटं चाला. राहिलेले किलोमीटर कुणी भरून काढत नाही. ते गेले.

एका सहकाऱ्याने विचारलं, "अधिकारी आले तर?" एकदा आले. त्यांनी पान उलटलं, सही वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेले. सगळीकडे असं होईल असं मी म्हणत नाही. काहींना वही भरलेलीच लागते, आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीसही आपणच देतो, ताप अंगात घेऊन आलेल्या मुलाला सुद्धा. ते बक्षीस बंद करावं असं माझं मत आहे. शाळेत अजून एकमत झालेलं नाही.

मुलांना मी अविनाश साबळेची गोष्ट नेहमी सांगतो, आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आईवडील वीटभट्टीवर, शाळा लांब, पुढे सैन्यात भरती. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, सुवर्ण फक्त 0.05 सेकंदाने हुकलं. हे सांगताना मी एक पान कायम गाळायचो. 2018 मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटं 29.80 सेकंदांत गोपाल सैनींचा 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. आणि जुलै 2025 मध्ये मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यापाशी पडून गुडघ्याला मोठी इजा झाली, सप्टेंबरची जागतिक स्पर्धा गेली. मी डेंग्यूने पडलो होतो तेव्हा तो देशातला सर्वांत चांगला स्टीपलचेस धावपटूही घरीच होता. आता ही गोष्ट सांगताना हे पानही सांगतो. एका मुलाने विचारलं, "मग त्याला कुणी रागावलं नाही का?"

18 जानेवारीला पहाटे मी सवयीने उठलो. मुंबईत लोक निघाले असतील त्या वेळी टेकडीच्या पायथ्याशी गेलो, एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, असं अर्धा तास केलं. चहा पिऊन घरी आलो.

ती मुलगी आता सातवीत आहे, दुसऱ्या शाळेत. मागच्या महिन्यात बाजारात आईबरोबर भेटली. मी तिच्या आईला म्हणालो, "ताई, त्या वेळी तुमचं बरोबर होतं, वहीचं." त्यांना काही आठवेना. मुलीला आठवत होतं. ती म्हणाली, "अकरा पानं होती, सर."

काल सकाळी सात किलोमीटर झाले, नडगी दुखली नाही. पुढच्या रविवारीही सातच करणार आहे.