माहेर इस्तंबूल, सासर हैदराबाद

हे मला आजवर कुणी सांगितलं का नाही, हा एकच प्रश्न गेले पंधरा दिवस मी भेटेल त्याला विचारतेय. आमचं हट्टा परभणी-वसमत रस्त्यावरचं, पूर्वी निजामाच्या राज्यातलं. घरातल्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या जमिनीचे उर्दू कागद अजून आहेत. पण ते राज्य म्हणजे काय, तर रझाकारांच्या गोष्टी, हुतात्मा बहिर्जी शिंद्यांचं नाव आणि 17 सप्टेंबरचं झेंडावंदन, एवढंच मला ठाऊक होतं. आणि त्याच राज्यात, त्याच घराण्यात, तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची एकुलती एक लेक सून म्हणून आली होती!

झालं असं की बहिणीचं बाळ आजारी पडलं आणि आम्ही त्याला घेऊन हैदराबादच्या निलोफर दवाखान्यात गेलो. आमच्याकडे लेकराचं दुखणं वाढलं की नांदेड, आणि तिथूनही पुढे म्हटलं की हैदराबाद. बाळ आता ठणठणीत आहे, दोन दात आलेत. पण त्या दिवशी नंबर यायला वेळ होता, आणि निलोफर हे कमळाचं नाव दवाखान्याला कसं पडलं, म्हणून मी शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "शहजादी थी बेटा, तुर्की से आई थी." बस्स. त्या एका वाक्याने मला अक्षरशः ओढून नेलं. परतीच्या गाडीत बाळ मांडीवर झोपलेलं आणि मी मोबाइलवर वाचतेय, वाचतेय, परभणी आलं तरी कळलं नाही.

निलोफरचा शोध घ्यायला गेले आणि तिच्यामागे उभी असलेली दुसरी सापडली. दुर्रूशेहवार. म्हणून बघा मोठ्याने, तोंड भरतं की नाही! अर्थ, राजाला साजेसा मोती. जन्म 26 जानेवारी 1914, इस्तंबूल. वडील अब्दुलमजीद चित्रं काढायचे, संगीतात रमायचे. 1922 मध्ये सल्तनत संपली आणि ते नुसते खलिफा झाले. मग 3 मार्च 1924 ला खिलाफतही बरखास्त झाली आणि सगळ्या घराण्याला देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. पोर दहा वर्षांची. रातोरात मोटारीत बसवून त्यांना शहराबाहेरच्या चाताल्जा स्टेशनवर नेलं, कारण मुख्य स्टेशनवर नेलं असतं तर गर्दी उसळली असती. तिथला स्टेशनमास्तर ज्यू होता. त्याने या मंडळींना स्वतःच्या घरात बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की या घराण्याने आमच्या लोकांना आसरा दिला होता, त्याची ही थोडीशी परतफेड. मला या प्रसंगापुढे जाताच येईना. सहाशे वर्षांचं साम्राज्य, आणि शेवटच्या रात्री त्याच्या वाट्याला एका स्टेशनमास्तराच्या घरचा चहा!

फ्रान्समध्ये नीस शहरात समुद्रकाठी त्यांनी बिऱ्हाड थाटलं. पैसा नव्हता. आणि आता बघा, कुठून मदत आली! हैदराबादहून. निजाम मीर उस्मान अली खान यांनी खलिफांना दरमहा 300 पौंड सुरू केले. म्हणजे ज्या खजिन्यात आमच्या वसमत-परभणीकडचा शेतसारा जात होता, त्याच खजिन्यातून नीसमधल्या त्या घराची चूल पेटत होती. हे वाचलं तेव्हा मी उठून पेटीतले ते उर्दू कागद काढून पुन्हा पाहिले. एक अक्षर वाचता येत नाही, तरी पाहिले.

पुढे खिलाफत चळवळीतल्या मौलाना शौकत अलींनी मध्यस्थी केली आणि 12 नोव्हेंबर 1931 ला नीसमध्ये एकाच दिवशी दोन लग्नं लागली. थोरले शहजादे आझम जाह आणि सतरा वर्षांची दुर्रूशेहवार, धाकटे मोअज्जम जाह आणि पंधरा वर्षांची निलोफर. निलोफर तिच्या नात्यातलीच. डिसेंबरात 'पिल्सना' नावाच्या बोटीने वऱ्हाड मुंबईला निघालं, आणि त्याच बोटीवर गोलमेज परिषदेहून परतणारे गांधीजी होते! मी हे तीनदा तपासलं. एकाच बोटीवर पंचा नेसलेले बापू आणि साडी नेसायला शिकणाऱ्या दोन तुर्की नववधू. यावर कुणी नाटक कसं लिहिलं नाही?

साडीवरून आठवलं, तिचे फोटो नक्की बघा. सिसिल बीटन या नामवंत इंग्रज छायाचित्रकाराने काढलेले आहेत. उंच, नवऱ्यापेक्षाही उंच, ताठ मान, डोक्यावरून पदर. त्या नजरेत कुठेही बिचारेपण नाही. तुर्की, फ्रेंच, इंग्रजी, उर्दू, सगळ्या भाषा यायच्या. निजामाच्या वाड्यातल्या बायका पडद्यात, आणि ही समारंभांना उघड्या चेहऱ्याने जायची. हैदराबादच्या बेगमपेट विमानतळाच्या इमारतीची पायाभरणी तिच्या हातची. शहरात पुरानी हवेलीकडे तिच्या नावाचा मुलांचा दवाखाना आहे. पोटच्या पोराच्या बाबतीतही तिचंच म्हणणं चाललं असं म्हणतात. 1967 मध्ये निजाम वारले तेव्हा गादी नवऱ्याकडे न जाता थेट तिच्या मुलाकडे, मुकर्रम जाह यांच्याकडे आली.

आणि निलोफर? तिला मूल झालं नाही. तिची एक दासी होती, रफत नावाची, ती बाळंतपणात गेली, आणि निलोफरने ठरवलं की यापुढे अशी एकही रफत मरता कामा नये. त्यातून तो दवाखाना उभा राहिला, 1953 मध्ये सुरू झाला. तोवर तिचा संसारही मोडलेला, 1952 मध्ये तलाक होऊन ती फ्रान्सला निघून गेली होती. स्वतःची ओटी रिकामी राहिलेल्या त्या परक्या मुलुखातल्या बाईने बांधायला लावलेल्या जागेत माझा भाचा बरा झाला. मी तिचा फोटो छापून आणलाय. बहिणीने तो बाळाच्या पाळण्यावरच्या भिंतीला लावलाय.

पण माझी झोप उडवली ती एका पदवीने. दुर्रूशेहवारला 'प्रिन्सेस ऑफ बेरार' म्हणत. बेरार म्हणजे वऱ्हाड! आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की लागतं ते वऱ्हाड. इस्तंबूलच्या मुलीच्या नावापुढे वऱ्हाड कसं आलं? मागे मागे जात राहिले आणि थेट हिंगोलीत येऊन पोचले! इंग्रजांनी निजामाच्या खर्चाने एक फौज ठेवली होती, हैदराबाद कंटिन्जंट, आणि तिची एक छावणी होती आमच्या हिंगोलीत. त्या फौजेच्या पगाराची थकबाकी निजामावर साचत गेली, आणि 1853 मध्ये ती भागवायला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचंच. निजाम ते परत मागत राहिले, इंग्रज देईनात. शेवटी 1936 मध्ये तोडगा निघाला तो असा की मुलूख आमच्याकडे, नाव तुमच्याकडे, तुमचा युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार'. म्हणजे हिंगोलीच्या छावणीतल्या शिपायांचे पगार थकले नसते, तर ऑटोमन घराण्याची ही लेक वऱ्हाडची राणीसाहेब झाली नसती! हिंगोलीला मी शंभरदा गेले असेन. बाजार केला, बस पकडली, परत आले.

हे सगळं मी आज्जीला सांगितलं. आज्जीने रझाकारीतले दिवस लहानपणी अंगावर काढलेत. निजामाचं नाव काढलं की ती तोंड फिरवते, आणि तो तिचा हक्क आहे, मी त्याच्याआड येत नाही. तिने वाती वळता वळता सगळं ऐकून घेतलं. बोट, साडी, विमानतळ, कशाचं काही वाटलं नाही तिला. मग एकच विचारलं.

"मंग तिला माहेर ऱ्हायलंच न्हाई म्हन की."

मी गप्पच झाले. इतकं वाचलं, पण मला हा प्रश्न सुचला नव्हता. दिवाळीला, बाळंतपणाला, रुसून, रडून जिथे जायचं, ते तिच्यासाठी होतंच कुठे? वडील 23 ऑगस्ट 1944 ला पॅरिसमध्ये गेले. त्यांना इस्तंबूलच्या मातीत जागा मिळावी म्हणून तिने तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांकडे रदबदली केली, परवानगी मिळाली नाही. दहा वर्षं त्यांचा देह पॅरिसच्या मशिदीत तसाच ठेवलेला होता. शेवटी 1954 मध्ये मदिनेत दफन झालं. ती स्वतः 2006 मध्ये लंडनमध्ये गेली, 92 वर्षांची होऊन. तिकडेच ब्रुकवुडच्या दफनभूमीत आहे. तुर्कस्तानात पुरू नका, असं तिनेच सांगून ठेवलं होतं. ज्यांनी बापाला जागा दिली नाही त्यांची जागा लेकीला नको.

आणि आता शेवटचं, तेवढं ऐकाच. त्या बापासाठी निजामाने एक कबर बांधवली होती, थेट तुर्की धर्तीची. कुठे? खुलताबादला! आपल्या मराठवाड्यात, वेरूळच्या लेण्यांपासून जवळच. तिथे कधी कुणाला पुरलं नाही. बांधून तयार, आणि रिकामी.

हे कळल्यावर आज्जीने वातींचं ताट बाजूला सारलं. वेरूळला तिचं घृष्णेश्वराचं दर्शन कधीचं राहिलंय, ते आहेच. पण शनिवारच्या गाडीचं तिने ज्या घाईने विचारलं, ती दर्शनाची घाई नव्हती. शेजारच्या चाचींना तिने कालच विचारून ठेवलंय की कबर मोकळी असली तरी फुलं चालतात का. चाची म्हणाल्या, चालतात. अंगणातल्या मोगऱ्याला या आठवड्यात हात लावायचा नाही, अशी आम्हा सगळ्यांना ताकीद आहे.