मुठेतून पार्सल?

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट गावात हॉटेलांना बिअर आणि बाकीचा माल पोचवायला २०१० पासून विजेवर चालणारी बोट आहे. हे वाचलं आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. पुण्यात नदी आहे, कालवाही आहे. मग पेठांत अडकलेले टेम्पो पाण्यात का ढकलू नयेत? :)

आधी मुठा घेऊ. बोटीला वेग नको, सारखी खोली हवी. आपल्याकडे उलटं. वर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं. पाणी अडवलं की पात्रात सांडपाणी, सोडलं की भिडे पूल पाण्याखाली. मधलं काही नाहीच. उट्रेख्टच्या कालव्यांत पातळी दरवाजांनी राखलेली असते.

मग कालवा? खडकवासल्याहून निघून पर्वती, स्वारगेट करत हडपसरला जातो. मार्केटयार्डही फार लांब नाही. भाजी चढवा, हडपसरला उतरवा! पण हा कालवा सिंचनाचा. आवर्तन असेल तेव्हा वाहतो, एरवी रिकामा. पूलही ठेंगणे. शिवाय सप्टेंबर २०१८ मध्ये पर्वतीजवळ त्याची भिंत फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरलं होतं. बोटींसाठी तो बारा महिने भरलेला ठेवायचा, तर धरणातलं पाणी त्यासाठी खर्च करायचं. म्हणजे दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याचं आवर्तन माझ्या मोबाईल कव्हरसाठी? छ्या! या कालव्यात एक मालवाहतूक आधीच चालू आहे, खुद्द पाण्याची.

महाराष्ट्रात जलवाहतूक जमते, पण घाटाखाली. धरमतर खाडीत बार्ज डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल आणतात. अंबा नदी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाली. तिथे खोली राखायला दिवसातून दोनदा भरती येते, फुकट. साडेपाचशे मीटरवरच्या पुण्याला समुद्र कुठून आणणार?

तरी उट्रेख्टचं एक उचलण्यासारखं आहे. मोठी गाडी जुन्या गावात आणायचीच नाही. माल वेशीवर उतरवायचा, आत छोटं, विजेवरचं वाहन. पेठांसाठी ते काम मालवाहू सायकल आणि ई-रिक्षा करू शकतात. त्याला पाणी लागत नाही, गोदामाला जागा आणि महापालिकेचा निश्चय लागतो. पात्रातल्या पाण्याइतकंच दुर्मिळ म्हणा!

असो. नदीला मात्र टेम्पोचं काम लावण्याआधी तिचं स्वतःचं काम करू द्यावं. वाहण्याचं.