बाळापूर आणि नर्सीहून दोन पत्रं

आखाडा बाळापूर,
भाद्रपद पौर्णिमा

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

नांदेडहून एसटीनं निघालो. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडल्या, वारंगा फाटा गेला आणि बाळापूरला उतरलो. शिवारात हळद कमरेच्या वर गेलीय, सोयाबीन शेंगांनी लगडलंय. बोलता बोलता माणसांची नजर आभाळाकडे जाते, कारण आता जास्तीचा पाऊस म्हणजे हातातोंडाशी आलेला घास गेला.

निघताना तू म्हणालीस ते डोक्यातून जात नाही. भंतेजींना ऑफिस नाही, पोरांचे डबे नाहीत, मग त्यांची शांती आपल्याला कशी जमायची? याचं उत्तर मला इथल्या विहारात थोडंफार मिळालं.

सध्या वर्षावास चालू आहे. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली, हा ग्रंथ इंग्रजीत निघाला. आज मराठवाड्यातल्या गावागावांत तो मराठीतून मोठ्यानं वाचला जातो. काल वाचायला एक म्हातारे गृहस्थ होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, ओळीवर बोट. वाक्य संपलं की थांबायचे, समोर बघायचे, कुणाला कळलं नसेल तर तेच पुन्हा वाचायचे. रानातून आलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरी लुगडी नेसून बसलेल्या. तासभर कुणी मोबाईल काढला नाही.

वर्षावास कसा सुरू झाला, हे तुला ठाऊक आहेच. भिक्खू पावसाळ्यातही हिंडायचे, कोवळी पिकं आणि बारीक जीव पायाखाली जायचे, लोकांनी गाऱ्हाणं केलं, तेव्हा बुद्धांनी पावसाचे तीन महिने एका जागी राहायचा नियम घातला. सोयाबीनच्या बांधावर उभा राहिलो तेव्हा तो नियम मला नीट कळला. तो निघाला तो दुसऱ्याच्या रोपाची काळजी म्हणून. शहरात ध्यान शिकवतात ते बहुतेक आपला ताण उतरावा म्हणून. ताण उतरावाच, पण तेवढ्यावर थांबणं मला अपुरं वाटतं. आपल्या चालण्यानं कुणाचं काय तुडवलं जातंय, हे पाहणं भिक्खूंच्या शिस्तीत आधी येतं.

आज एका मावशींनी अष्टशील घेतलंय. बारा वाजायच्या आत भाकरी खाल्ली, आता उद्या सकाळपर्यंत जेवण नाही. पण दुपारी खुरपायला गेल्याच, मजुरी कशी बुडवायची? मी विचारलं, “मावशी, भूक लागत नाही?” खुरप्याची माती पुसत म्हणाल्या, “जेवण सोडणं सोपं हाय, बाबा. तोंड सांभाळणं अवघड. मुकादम बोलला की जीभ वळवळतीच.” मग पुन्हा वाफ्यात बसल्या आणि हळदीच्या मुळाला धक्का न लावता गवत उपटत राहिल्या.

तुझा,
भाऊ

नर्सी नामदेव,
दुसऱ्या दिवशी रात्री

ती. ताई,
बाळापूरहून निघताना एका रिक्षावाल्याशी गप्पा झाल्या. त्यानं दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर केलंय: मुंडण, चीवर, दहा शीलं. त्यातलं शेवटचं शील सोनं-चांदी, म्हणजे पैसा न स्वीकारण्याचं. ज्याचा दिवस सुट्ट्या पैशात जातो त्याला तेच सगळ्यात जड गेलं. शिबिर संपलं, चीवर उतरलं, रिक्षा सुरू झाली. पण एक सवय राहिली. चीवर, अन्न, निवारा आणि औषध वापरताना भिक्खूनं हे कशासाठी घेतोय याचा विचार करायचा असतो. अंग झाकायला, देह चालवायला, थाटासाठी नव्हे. हा पठ्ठ्या तोच विचार मोबाईलला लावतो. खिशात हात गेला की स्वतःला विचारतो, कशासाठी? उत्तर नसेल तर हात रिकामा बाहेर. मला हे फार मोलाचं वाटलं. या सवयीला पैसे लागत नाहीत, रजा लागत नाही.

तू ट्रेझरीत आहेस म्हणून आणखी एक सांगतो. इगतपुरीचं धम्मगिरी ज्यांनी उभारलं ते गोयंका गुरुजी रंगूनमध्ये ज्यांच्याकडे विपश्यना शिकले, ते सयाजी ऊ बा खिन भिक्खू नव्हते. ते ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, घरसंसारवाले. कचेरीतल्या माणसांनाच त्यांनी साधनेला बसवलं आणि हिशेबाचं कामही चोख ठेवलं. बिलं आणि तपासणीच्या गराड्यात साधना होत नाही, असं आता तुझ्यापुढे मी तरी मान्य करणार नाही.

नर्सीत संत नामदेवांचा जन्म 1270चा मानतात. त्यांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंनी दळण-कांडण, झाडलोट करता करताच अभंग रचले. वाट वेगळी, देव वेगळा, पण काम बाजूला ठेवून साधना करायची सवड त्यांनाही कुणी दिली नव्हती.

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी तुला सुट्टी नाही, आणि रजा टाकूही नकोस. सकाळी विहारात अष्टशील घे, बाराच्या आत डबा खा आणि नेहमीसारखी काउंटरवर बस. दुपारी तीननंतर एखादा पेन्शनर तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारेल, तेव्हा काय होतं ते मला कळव.

तुझा,
भाऊ