उसनवारीची नोंद



शेजारून विरजण आणले तर ते परत कोणी मागत नाही. पुस्तक आणले तर मात्र कोणाचे आणि केव्हा आणले याची नोंद ठेवावी लागते. संगणकाच्या आज्ञावल्यांचेही असेच असते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी हिंगणघाटला असते. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम तिने तयार केला. त्यातला अक्षरे बदलणारा भाग मैत्रिणीच्या कोडमधून, तिला विचारूनच, जसाच्या तसा घेतला होता. आमच्या गावच्या स्मरणिकेचा मजकूर त्यातून गेला आणि 'आचाऱ्यांचा सत्कार' याचे झाले 'आचार्यांचा सत्कार'! लग्नाकार्यात पंगती जेवू घालणारे आमचे आचारी एकदम पवनारच्या विनोबांच्या पंक्तीला जाऊन बसले. हसू आले खरे. पण तसेच छापले गेले असते, तर जन्मभर चुलीपुढे उभे राहिलेल्यांचा मान त्यांना मिळालाच नसता.

गंमत म्हणजे मैत्रिणीने ही चूक केव्हाच दुरुस्त केली होती. दुरुस्ती हिच्या नकलेपर्यंत पोचली नाही, कारण नकलेचा मूळ कोडशी काही धागाच उरला नव्हता.

हा धागा राखण्याची सोय 'गिट'मध्ये आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली केलेली ही प्रणाली कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. त्या नोंदीला 'कमिट' म्हणतात. एका भांडारातले कोड दुसऱ्यात वापरायचे तर तिथे दोन मार्ग आहेत. 'सबमोड्यूल'मध्ये आपल्या भांडारात फक्त मूळ भांडाराचा पत्ता आणि नेमकी कोणती कमिट घेतली एवढेच राहते. मूळ ठिकाणी काहीही बदलो, आपले जागचे हलत नाही. आपण ठरवू तेव्हाच पुढची कमिट घ्यायची. मात्र नव्या माणसाने प्रत उतरवताना हा भाग वेगळा मागवला नाही, तर फोल्डर रिकामेच राहते. 'सबट्री'मध्ये कोड आपल्याच भांडारात येते, हवा तर इतिहासासकट, आणि पुढच्या दुरुस्त्याही मागवता येतात.

सबमोड्यूलमध्ये अख्खे भांडार जोडावे लागते, तुकडा जोडता येत नाही. म्हणून मैत्रिणीने आधी अक्षरांचे फोल्डर त्याच्या इतिहासासह सुटे काढून स्वतंत्र भांडार केले. मग हिने ते जोडून घेतले.

हे ऐकताना मला एकनाथ महाराज आठवले. ज्ञानेश्वरी १२९० सालची. नकलांवर नकला होताना तिच्यात पाठभेद शिरले. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचा पाठ शुद्ध केला, शेवटी शक नोंदवला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. त्यामुळे ही दुरुस्ती कोणाची आणि केव्हाची, हे चारशे चाळीस वर्षांनंतरही सांगता येते. आमच्या मुलींनी तरी वेगळे काय केले?

वर्गात मी मुलांना सांगत असे, निबंधात दुसऱ्याचे वाक्य घेतले तर कुठून घेतले ते लिहा. ते प्रामाणिकपणासाठी तर आहेच. पण त्याचा आणखी एक उपयोग आता ध्यानात आला. पत्ता लिहिलेला असला, तरच दुरुस्ती घरपोच येते.

असो. तुमच्या घरात अशी किती उसनी, बिनपत्त्याची वाक्ये आहेत? जरा शोधून पाहा.