बेल्लूरच्या वाटेवर

रविवारी सकाळी साडेसहाला टॅक्सीत बसल्यावर मी ‘होसकोटेच्या पुढे, नरसापुरजवळ’ असं सांगितलं, तेव्हा ड्रायव्हरकाका आरशातून हसले. “बिर्याणी?” त्यांनी विचारलं. रविवारी पहाटे होसकोट्याकडे जाणारा माणूस दम बिर्याणीच्या रांगेत उभा राहायलाच जातो, असा बंगळुरात समज आहे आणि तो बराचसा खराही आहे. शेजारी माझी शाकाहारी आई बसली होती. मी म्हटलं, “इल्ला. योगा.” काका आणखीनच बुचकळ्यात पडले.

आम्ही निघालो होतो बेल्लूरला. कोलार जिल्ह्यातलं हे लहानसं गाव, बंगळुरापासून साधारण पन्नासेक किलोमीटरवर. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म तिथला, १४ डिसेंबर १९१८चा. नावातला ‘बी’ म्हणजे बेल्लूरच. पुण्यात वाढलेल्या मला मात्र ते पुण्याचेच वाटायचे. मॉडेल कॉलनीतली ती वेगळ्या आकाराची इमारत, बाहेर लावलेल्या स्कूटर आणि खांद्यावर चटई टाकून जाणारे परदेशी विद्यार्थी हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. आई काही वर्षं तिथल्या वर्गाला जायची. आठवड्याभरासाठी ती माझ्याकडे बंगळुरात आली, तेव्हा लालबाग, विधानसौध वगैरे राहू दे, पण बेल्लूर दाखव, अशी तिची फर्माईश होती.

माझं स्वतःचं कारण वेगळं होतं. मी कंटेंट रायटर आहे, म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्चीत. गेल्या वर्षी पाठ आखडायला लागली, तेव्हा मी मोबाइलवरचा एक व्हिडिओ लावून पीजीच्या खोलीत चक्रासन करायला गेले आणि कमरेत अशी चमक भरली, की तीन दिवस मोजेसुद्धा घालता येईनात. डॉक्टर म्हणाले, स्नायू दुखावलाय, विश्रांती घ्या. आई फोनवर म्हणाली, “परत ये.” खरं सांगते, मी बॅग काढलीही होती. कन्नड येत नाही, ओळखीचं कोणी नाही आणि वर ही पाठ.

शेवटी डॉक्टरांना विचारूनच जयनगरमधल्या एका छोट्या वर्गाला जायला लागले. पहिला महिनाभर आसन म्हणावं असं काही केलंच नाही, असं मला वाटत होतं. भिंतीला हात टेकवून अर्धं वाकायचं, पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पाठीवर पडून राहायचं, नुसतं नीट उभं राहायचं. मी जोर लावला की टीचर पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, “निधान, निधान.” म्हणजे हळू. हात पुरत नसेल तर पट्टा द्यायच्या, बसताना कणा वाकत असेल तर खाली घडी केलेलं ब्लँकेट सरकवायच्या आणि बसमधला कंडक्टर म्हणतो तसं म्हणायच्या, “स्वल्प अड्जस्ट माडि.”

मला प्रश्न पडायचा, याला हठयोग कसं म्हणायचं? हठ म्हणजे आपला हट्टच की. लहानपणी ज्यावरून धपाटे खाल्ले तोच. हठाचा मूळ अर्थ बळ, जोर असाच आहे. पुढे ‘ह’ म्हणजे सूर्य, ‘ठ’ म्हणजे चंद्र आणि त्या दोघांचा मेळ तो हठयोग, असाही अर्थ लावला गेला. साधारण पंधराव्या शतकात स्वात्मारामांनी लिहिलेली ‘हठप्रदीपिका’ मी भाषांतर शेजारी ठेवून वाचली, तेव्हा गंमत वाटली. तिच्यात आसनं जेमतेम पंधरा आणि त्यातली बहुतेक बसायची. सूर्यनमस्कार नाहीतच. घरोघरी पोहोचलेले सूर्यनमस्कार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकप्रिय झाले, त्यात आपल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचा वाटा मोठा. टीव्हीसमोर बसून आपण जी कपालभाती करतो, ती या ग्रंथात प्राणायामात मोडत नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या पंगतीतली ती एक शुद्धिक्रिया आहे. आसनानंतर प्राणायाम, मग मुद्रा आणि शेवटी समाधी असा हा प्रवास. आसन ही नुसती पहिली पायरी. आणि योग कशाने बिघडतो, तर अति खाण्याने, अति बडबडीने आणि अति श्रमानेसुद्धा! माझं चक्रासन इथेच नापास झालं.

हे सगळं मराठी माणसाला परकं नाही. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष ही ज्या परंपरेतली नावं हठप्रदीपिकेच्या सुरुवातीला येतात, तीच नाथपरंपरा गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांकडे आली. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आजीच्या पारायणात कितीदा कानावर पडला असेल, पण त्यात आसन, बंध आणि कुंडलिनीचं इतकं बारीक वर्णन आहे, हे मला कळायला बंगळुरात यावं लागलं.

होसकोटे मागे पडलं. कारखान्यांच्या शेडमधून अधूनमधून निलगिरीची झाडं आणि टोमॅटोची शेतं दिसायला लागली. आई सांगत होती. अय्यंगार हे तेरा भावंडांतलं अकरावं अपत्य. ते जन्मले तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ होती आणि आईलाही त्या तापाने गाठलं होतं. मूल अशक्त, पुढे मलेरिया, टायफॉइड, क्षय. लहानपणीच कुटुंब बंगळुरात आलं आणि नऊ वर्षांचे असताना वडील गेले. १९३४मध्ये ते म्हैसूरला बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे गेले. जगनमोहन राजवाड्यात महाराजांच्या आश्रयाने कृष्णमाचार्यांची योगशाळा चालायची. १९३७मध्ये डॉ. व्ही. बी. गोखले यांच्या पुढाकाराने या मुलाला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला बोलावलं गेलं. वय अठरा, मराठी येत नाही, इंग्रजी मोडकंतोडकं आणि विद्यार्थी वयाने मोठे, अंगाने दणकट. सहा महिन्यांसाठी आलेला हा मुलगा २०१४मध्ये गेला, तो पुण्यातच.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. उलट्या दिशेने मी तोच रस्ता धरला होता आणि माझ्याजवळ तर गूगल ट्रान्सलेट होतं.

बेल्लूर तसं साधं गाव. कौलारू आणि सिमेंटची घरं शेजारी शेजारी, दारात रांगोळ्या. अय्यंगारांनी आईवडिलांच्या नावाने ट्रस्ट काढून इथे शाळा आणि दवाखाना उभा केला, पतंजलींचं देऊळ बांधलं. पतंजलींची मूर्ती कमरेपर्यंत माणसाची, खाली सर्पाची वेटोळी, डोक्यावर फणा. आईचे गुडघे आता वज्रासनाला तयार नसतात. ती देवळाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “म्हातारपणी गुरुजी हॉलच्या एका कोपऱ्यात स्वतःचा सराव करायचे. बाकावर, दोरीला धरून, उशा घेऊन. ज्यांच्याकडे जग शिकायला येतं, त्यांना उशी घ्यायची लाज नव्हती. मला मात्र तेव्हा वीट घ्यायची लाज वाटायची.” पट्टे, विटा, दोर, खुर्च्या ही आज जगभरच्या वर्गांत दिसणारी साधनं अय्यंगारांनी रूढ केली. आजारी शरीर घेऊन वाढलेल्या माणसालाच हे सुचणार, असं माझं मत.

फायद्यांचं म्हणाल, तर माझ्यापुरतं एवढंच सांगते : पाठ पूर्वीसारखी आखडत नाही, झोप लागते. जुनाट कंबरदुखीत औषधांच्या आधी जे उपाय करून पाहावेत, त्यांत अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१७मध्ये योगाचाही समावेश केला. बंगळुरातल्या निम्हान्समध्ये मानसिक आजारांच्या उपचारांना योगाची जोड दिली जाते. पण जोडच. मधुमेहाची गोळी बंद करून प्राणायाम करा, असं कोणी सांगत असेल तर तिथून उठावं. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. आणि व्हिडिओ बघून चक्रासन तर मुळीच नको!

परतताना काकांनी होसकोट्याला गाडी थांबवली, स्वतःसाठी बिर्याणीचं पार्सल घेतलं आणि कमरेवर हात ठेवून कण्हत उभे राहिले. दिवसाला बारा तास गाडी चालवतात म्हणे. आईने मला विचारलं, “यांना कसं सांगू?” मग माझी वाट न बघता तिने स्वतःच बॉनेटवर दोन्ही हात टेकवले, पाय मागे नेले आणि अर्धी वाकून दाखवलं. काकांनी इकडेतिकडे बघून तसंच केलं. रांगेतली माणसं मान वळवून बघायला लागली. काकांनी गुडघे ताणून जोर लावला, तशी आई म्हणाली, “निधान, निधान.”

“कन्नड बरुत्ता?” काकांनी वाकल्यावाकल्याच विचारलं.

“स्वल्प,” आई म्हणाली. एवढे दोनच शब्द तिला येतात, हे मी काही काकांना सांगितलं नाही.