माळशेजचा घाट आणि ऑइल खाणारी मोटारसायकल

आळेफाट्यावरून पश्चिमेकडे कल्याणचा रस्ता धरला की आधी ओतूर लागते. शेतकरी मंडळींना हे गाव कांद्याच्या बाजारामुळे ठाऊक असते, तर वारकरी मंडळींना तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीमुळे. पुढे डिंगोरे, मग मढ. कांदा, टोमॅटो, ऊस मागे पडत जातात, हवा ओलसर होते आणि उजव्या हाताला पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी दिसू लागते. त्या पाण्यापलीकडे हरिश्चंद्रगडाचा डोंगर उभा असतो. खुबी फाट्यावरून धरणाच्या भिंतीने खिरेश्वरला आणि तिथून गडावर वाट जाते. आपण मात्र सरळ जायचे. थोड्याच वेळात जमीन संपल्यासारखी वाटते आणि रस्ता कड्याला बिलगून खाली उतरू लागतो. हाच माळशेजचा घाट. माथ्याची उंची सुमारे ७०० मीटर. आता हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६१ म्हणून ओळखला जातो. पूर्वी त्याचा क्रमांक २२२ होता.

पावसाळ्यात इथे धबधबे पाहायला मुंबई-पुण्याची माणसे लोटतात. त्या दिवसांत धुके असते, वरून दगडही येतात. तुम्हाला मी सांगणार आहे तो प्रवास हिवाळ्याचा आणि वेगळ्याच कामाचा. तुमच्या घरची मोटारसायकल ऑइल खात असेल, तर ते ऑइल कुठून जाते हे एखाद्या घाटाच्या चढ-उताराइतके स्वच्छ दुसरे कोणी सांगत नाही.

आमच्या घरी शंभर सीसीची एक जुनी गाडी आहे. पहाटे दुधाचे कॅन, दुपारी खताची गोणी, संध्याकाळी घरातली दोन माणसे, असा तिचा दिवस. गेल्या हिवाळ्यात तिचे ऑइल कमी होऊ लागले. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने गाडी जेमतेम चालू करून पाहिली आणि निकाल दिला, "इंजिन खोलावे लागेल. बोअर, पिस्टन, सगळेच." पैसे तर होतेच, शिवाय कांदालागवडीच्या धांदलीत गाडी चार-पाच दिवस अडकणार. अशा वेळी घरात दोन मते होतात. एक म्हणतो, करून टाका. दुसरा म्हणतो, ऑइल ओतत राहू, चालतंय तोवर चालू दे. ही दोन्ही मते महागात पडू शकतात. पहिल्यात नको तो खर्च होतो आणि दुसऱ्यात एखाद्या दिवशी ऑइल तळाला जाऊन इंजिन जॅम होते.

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्याकडच्या जुन्या माणसांना गाडीच्या धुराचे काही वाटत नाही, याला कारण आहे. राजदूत, यझदी या गाड्या टू-स्ट्रोक होत्या. त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, ते जळायचे आणि धूर निघायचा. ते ऑइल जळण्यासाठीच असे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या गावोगाव झाल्या. या गाडीत ऑइल वेगळे, इंजिनाच्या पोटात असते. ते जळायचे नाही, नुसते फिरत राहायचे. म्हणून फोर-स्ट्रोक गाडीचा निळा धूर हा आजार समजावा. काळा धूर दिसला तर तो पेट्रोल जास्त जात असल्याचा. चोक किंवा एअर फिल्टर पाहावा. थंडीत सकाळी पांढरी वाफ निघते ती पाण्याची, तिची काळजी नको.

आता निघण्याआधी ऑइल कसे पाहायचे ते सांगतो, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर उभी करा. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत पट्टी खोटे सांगते. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा, मग ऑइलची पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसा आणि पुन्हा घालून पाहा. पुष्कळ गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. गाडीबरोबरच्या पुस्तकात काय म्हटले आहे ते वाचा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या वर भरू नका. जास्त झालेले ऑइल वाफेच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाते, तिथून इंजिनात जाऊन जळते, आणि आपण म्हणतो गाडी ऑइल खाते! ऑइल घालाल ते मापून घाला. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे माप त्याला उत्तम. फवारणीच्या औषधाचे माप मात्र घरातल्या कोणत्याच दुसऱ्या कामाला वापरू नये. किती घातले आणि किती किलोमीटरला, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा.

आणखी एक. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर ऑइल जळत नाही, गळते आहे. ऑइल सोडायच्या बोल्टचा वायसर, गिअरच्या दांड्याचे सील आणि पुढच्या चेन-चाकामागचे सील ही गळतीची नेहमीची ठिकाणे. चेनजवळची गळती चिखल आणि ग्रीस यांत लपते, म्हणून आधी धुऊन मग पाहावे. आमचा पुठ्ठा कोरडा निघाला.

तेव्हा एका सकाळी मी जुन्या गाडीवर आणि पुतण्या मागून दुसऱ्या गाडीवर असे घाटात उतरलो. आपल्या गाडीचा धूर आपल्याला दिसत नाही, म्हणून मागे माणूस हवाच. दुसरी गाडी नसेल तर मागे बसलेल्या वहिनींनी मान वळवून पाहिले तरी चालते. खरे तर पुष्कळ घरांत ही बातमी आधी त्यांनाच लागते, कारण लुगड्याला जळक्या ऑइलचा वास येतो.

घाट उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवायची, तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात, आणि रेस सोडून द्यायची. पेट्रोल वाचवायला काही जण इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडतात. माळशेजसारख्या वळणांवर तो जिवाशी खेळ आहे, कारण मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. गिअरमध्ये रेस सोडली की इंजिन गाडीला मागे ओढते, आणि आपल्या तपासणीचे कामही तेव्हाच होते. रेस बंद म्हणजे आत हवा यायची वाट जवळजवळ बंद. पिस्टन तर खाली जातच असतो. त्यामुळे आत जोराची ओढ तयार होते. वॉल्वच्या दांड्यावर लहानसे रबरी सील असते. ते कडक झाले असेल तर त्या ओढीने वरचे ऑइल दांड्यावरून झिरपत आत उतरते आणि तिथे साठते. उतार संपल्यावर तुम्ही रेस दिली की साठलेले सगळे एकदम जळते.

कड्याकडेने खाली उतरून सावर्ण्याच्या बाजूला सपाटी आली. मी रेस दिली. पुतण्या पुढे येऊन म्हणाला, "तात्या, निळा लोट निघाला एकदम. मग थोडं पुढं गेल्यावर काहीच नाही." हे सीलचे लक्षण. सीलची दुसरी खूण अशी की सकाळी पहिल्या किकला निळी फुंकर निघते आणि मग गाडी स्वच्छ चालते, कारण रात्रभर थेंबथेंब ऑइल आत उतरलेले असते.

घाटाखाली सगळेच बदलते. हवा उबदार होते, जमीन भाताची. मोरोशीचा भैरवगड डाव्या हाताला सरळ भिंतीसारखा उभा. पुढे वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट वर जाते. सातवाहनांच्या काळात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, कोकणातला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरला जायचा. वरती गुहेत नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजणही. बैल दमला की त्याच्या तोंडाला फेस येतो, तो थांबतो. इंजिन थांबत नाही; आपणच ओळखून थांबावे लागते.

टोकावड्याला चहा घेऊन परत फिरलो, कारण निम्मी तपासणी अजून बाकी होती.

चढावर इंजिनाची खरी परीक्षा होते. ट्रॅक्टरला रेडिएटर असतो, पाणी उष्णता वाहून नेते. आपल्या गाडीला वारा हेच पाणी. ब्लॉकवर ज्या आडव्या पातळ पात्या असतात, त्यांतून वारा गेला तरच इंजिन थंड राहते. आयशरचा एअर-कूल्ड ट्रॅक्टर ज्यांनी चालवला आहे, त्यांना पात्यांत अडकलेला भुसा साफ करायची सवय असेल. मोटारसायकलच्या पात्यांत चिखल वाळून बसलेला मात्र कोणी काढत नाही! घाटात दुसऱ्या गिअरला गाडी हळू चालते, वारा कमी आणि कष्ट जास्त. ऑइल तापून पातळ होते. पिस्टनला साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात आणि खालची ऑइल खरवडून खाली पाठवते. त्या झिजल्या असतील, किंवा बोअरला ओरखडे असतील, तर पातळ झालेले ऑइल वर जाऊन जळत राहते. म्हणून रिंगांचा धूर चढावर रेस दिलेली असेपर्यंत सतत निघतो, सीलच्या धुरासारखा एकदा लोट येऊन थांबत नाही.

आम्ही सगळा चढ चढून माथ्यावर आलो. पुतण्याला चढावर धूर दिसला नाही. माथ्यावर गाडी उभी करून पंधरा मिनिटे निवू दिली. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतायचा मोह कोणी करू नये, धातूला तडा जाऊ शकतो.

घाटाची साक्ष मोठी असली तरी एकट्या तिच्यावर इंजिन खोलू नये. गावातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे कॉम्प्रेशन गेज होते. प्लग काढून, रेस पूर्ण उघडी ठेवून आणि किल्ली बंद करून किका मारायच्या आणि दाब पाहायचा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा पाहायचा. दुसऱ्यांदा दाब चांगलाच वाढला तर रिंगा किंवा बोअर गेले, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. फारसा फरक पडला नाही तर रिंगा ठीक. आमच्या गाडीचा दाब आधीच चांगला होता आणि ऑइल घालून विशेष वाढला नाही. मिस्त्री म्हणाले, "दादा, ब्लॉकला हात लावायचं काम नाही. हेड उतरवून सील बदलू." वॉल्वच्या गाइडमध्ये दांडा हलतो का हेही त्यांनी पाहिले, कारण गाइड ढिले असेल तर नवे सील फार दिवस टिकत नाही. सील इतके कडक झाले होते की नखाने दाबेना. नवी सीले, नवी गॅस्केटे, आणि दुसऱ्या दिवशी गाडी दुधाला गेली.

तुमच्या गाडीच्या रिंगा निघाल्या तर मिस्त्रींना आधी बोअर मोजायला सांगा. बोअर गोल आणि गुळगुळीत असेल तर नुसत्या रिंगांवर भागते. त्यांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. बोअर झिजला असेल तर नव्या रिंगांचे पैसे वाया जातात. मग बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवणे हेच खरे. तसे काम केल्यावर पहिले ऑइल लवकर बदलावे आणि काही दिवस जड ओझे घालून घाट चढू नये.

ट्रॅक्टरचे घट्ट ऑइल मोटारसायकलमध्ये ओतायचा उपाय बरेच जण सांगतात. धूर थोडे दिवस कमी वाटतो. पण या गाड्यांच्या क्लचप्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, आणि भलत्या ऑइलने क्लच घसरू लागतो. मोटारसायकलच्या ऑइलच्या डब्यावर जासो एमए असे लिहिलेले असते, ते पाहून आणि पुस्तकात दिलेल्या जाडीचेच घ्यावे. १ एप्रिल २०२० पासून विकलेल्या बीएस ६ गाड्यांना आणखी एक जोखीम आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारा भाग असतो आणि जळक्या ऑइलने तो निकामी होऊ शकतो.

रिंगा आणि बोअर यांचा मोठा शत्रू घाट नसून आपल्या शिवारातली धूळ आहे. ऊसतोडीच्या दिवसांत गाडीवाटेची धूळ फिल्टर भरून टाकते. फिल्टर फाटला असेल तर ती सरळ आत जाते आणि पॉलिश पेपरसारखी बोअर घासते. कागदी फिल्टर धुऊ नये, झटकून किंवा हळू हवा मारून साफ करावा आणि वेळेवर बदलावा. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ऑइलचा हात देऊन बसवावा.

माळशेजला ही तपासणी करायची तर पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर यावे. सकाळी लवकर निघावे, म्हणजे ट्रकची गर्दी कमी आणि ऊन अंगावर येण्याआधी चढ उरकतो. ट्रकच्या मागे राहू नये. त्याच्या धुरात आपला धूर ओळखू येत नाही. तुमच्या जवळ दुसरा घाट असेल तर तोही चालेल. चार-पाच किलोमीटरचा सलग उतार आणि तेवढाच चढ मिळाला म्हणजे झाले.