आजीचं रबराचं झाड आणि कमाटीबाग

दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा आजीचं रबराचं झाड लिफ्टमध्ये मावेना. निवृत्तीनंतर आजोबांनी आणलेलं ते झाड. मी करवत घेतली आणि सहा फुटांचं झाड दोन फुटांवर आणलं. एक पानही उरलं नाही. कापलेल्या जागेतून पांढरा चीक ओघळत राहिला. आजी काही बोलली नाही, पण त्या रात्री धड जेवलीही नाही.

फाल्गुन संपत आला होता. मी रोज तांब्याभर पाणी घालत होते. खुंट तसाच.

एका रविवारी आजीच म्हणाली, "चल, कमाटीबागेत जाऊ." सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये उभारलेली ही सयाजीबाग, पण आमच्या घरात ते नाव फक्त पाहुण्यांसाठी! काळ्या घोड्याशी रिक्षा सोडली. आत छोट्या आगगाडीची शिट्टी, भेळेचा वास, पलीकडे विश्वामित्री. आजी थेट एका वडाखाली जाऊन थांबली. त्याची फांदी कधीतरी छाटली होती आणि त्या व्रणाभोवती पानांचा झुबका फुटला होता. "रबर याचाच भाऊबंद," ती म्हणाली. आपल्या शहराचं नावच वडावरून आलंय, हे तिने याही वेळी सांगितलंच.

शेजारी पाणी घालणाऱ्या माळीकाकांना मी खुंटाबद्दल विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न, "पाणी किती घालता?" ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. पानंच नाहीत तर पाणी उडणार कुठून? माती ओली राहते आणि मुळं कुजतात. बोटभर खोल माती कोरडी झाली तरच घालायचं. फुटवा येईपर्यंत खत अजिबात नाही. आणि नखाने साल जराशी खरवडून पाहायची. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

घरी येताच खरवडलं. हिरवं होतं! हुश्श केलं.

कुंडी पूर्वेच्या खिडकीत नेली. झाडाचा शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो गेला की गळलेल्या पानांच्या खुणांपाशी निजलेले डोळे जागे होतात. मात्र त्यांना ऊब आणि उजेड लागतो, आणि आपल्याला धीर. तोच माझ्याकडे नव्हता. दिवसातून चारदा भिंग घेऊन बघायचे.

चैत्र उलटता उलटता दोन लालसर टोकं दिसली, दोन्ही भिंतीच्या बाजूला. आजीने चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "कुंडी फिरव आता. आणि ती करवत मला दे."